टिफामध्ये पांढरा ठिपका आणि "दोनच नळ्या" लिहिलंय. फीटल इको कधी, कुठे, पुढे काय?

अक्कलकोट_रोड

वहिनींचा टिफा (पाचव्या महिन्यातली बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी) परवा सोलापुरात झाला, २० आठवडे ३ दिवसांवर. पहिलंच बाळंतपण. शुगर, बीपी काही नाही, थायरॉइडची गोळी चालू आहे. डबल मार्कर (डाउन सिंड्रोमसारख्या दोषांसाठी आईच्या रक्ताची चाळणी) लो रिस्क आला होता. वहिनी म्हणजे आमच्या सख्ख्या मामाचीच मुलगी, तेव्हा लग्न नात्यातलं. रिपोर्टमध्ये हृदयाखाली लिहिलंय त्याचा अर्थ असा: चार कप्पे नॉर्मल. डाव्या व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात) इकोजेनिक फोकस, म्हणजे पांढरा ठिपका. आउटफ्लो (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या) बाळाच्या स्थितीमुळे नीट दिसले नाहीत, समांतर वाटतात. थ्री व्हेसल व्ह्यूमध्ये दोनच नळ्या. फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) करून घ्यावा.

घरात सगळ्यांनी त्या ठिपक्याचाच धसका घेतलाय. ठिपका म्हणजे भोक का? आणि चार कप्पे नॉर्मल असतील तर इको कशासाठी? आई म्हणते, सातव्या महिन्यात बाळ मोठं झालं की हृदयही मोठं दिसेल, तेव्हाच करू. तसं चालेल का? काही निघालंच तर पोटात असतानाच औषध किंवा ऑपरेशन होतं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा की.

स्कॅनरूम

ठिपका सोडा. तो भोक नाही, गाठ नाही, रक्ताच्या वाटेत अडथळाही नाही. व्हॉल्व्हला धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूत कॅल्शियमचा कण असला की तो सोनोग्राफीत हाडाइतका पांढरा चमकतो, एवढंच. शंभरात तीन-चार नॉर्मल गरोदरपणांत तो दिसतो आणि पुष्कळदा शेवटच्या तिमाहीपर्यंत दिसेनासाही होतो. त्याचं महत्त्व फक्त डाउन सिंड्रोमचा एक कच्चा इशारा म्हणून. डबल मार्कर लो रिस्क आहे आणि बाकी काही सापडलेलं नाही, तर नुसत्या ठिपक्यासाठी काहीही करायचं नसतं.

ज्या ओळीकडे घरात कुणी बघितलं नाही ती खरी ओळ: "दोनच नळ्या".

छातीच्या वरच्या भागात आडवा काप घेतला की नॉर्मल बाळात तीन रक्तवाहिन्या एका तिरक्या रांगेत दिसतात. सगळ्यात मोठी आणि पुढे पल्मनरी आर्टरी, मग महाधमनी, मग सगळ्यात लहान वरची महाशीर. मोठी, मधली, धाकटी. त्याच्या जरा खाली बघितलं तर हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींना कात्री मारून जातात. या नळ्यांची अदलाबदल झाली, म्हणजे उजव्या कप्प्यातून महाधमनी आणि डाव्यातून पल्मनरी निघाली, तर कात्री पडत नाही. दोघी रुळांसारख्या शेजारी-शेजारी वर जातात. महाधमनी पुढे येते, पल्मनरी तिच्या मागे-खाली दडते, आणि त्या कापात महाधमनी व महाशीर अशा दोनच दिसतात. याला टीजीए म्हणतात, ट्रान्सपोझिशन.

आता चार कप्पे नॉर्मल कसे? कारण खोल्या बरोबर बांधल्यात, नळजोडणी उलटी झालीय. चार कप्प्यांच्या चित्रात नळ्या येतच नाहीत. म्हणून फक्त तेवढं बघून "हार्ट नॉर्मल" लिहिलं की टीजीए, फॅलो, ट्रंकस हे मोठ्या नळ्यांचे दोष हमखास निसटतात. तुमच्या सोनोलॉजिस्टनी वरचा काप घेतला आणि शंका आल्यावर तसं स्पष्ट लिहिलं, हे चांगलं काम आहे.

पण शंका म्हणजे निदान नव्हे. बाळ पाठ वर करून झोपलं असेल तर नॉर्मल नळ्याही समांतर भासतात. फॅलो किंवा ट्रंकसमध्येही नळ्यांची संख्या-आकार चुकलेला दिसू शकतो. निवाडा इकोवर. तिथे बघणारा एकेका नळीचा माग काढतो: जी बाहेर पडल्यावर लगेच दोन फांद्यांत फुटते ती पल्मनरी, जी कमान करून डोक्या-हातांकडे फांद्या देते ती महाधमनी. मग कोण कुठून निघते ते ठरतं.

सातव्या महिन्याचं मात्र अजिबात ऐकू नका. हृदय मोठं होतं हे खरं, पण तोवर फासळ्या कडक होऊन सावल्या पाडतात, पाणी कमी होतं, बाळ हवं तसं वळत नाही. १८ ते २४ आठवडे हीच नीट दिसण्याची वेळ. दुसरं कारण कायद्याचं, त्यावर खाली कुणीतरी लिहीलच. या आठवड्यातच करा.

मुदत_मोजा

लिहिते. गर्भपाताचा विषय काढायला कुणालाच आवडत नाही, पण वेळ निघून गेल्यावर काढण्यापेक्षा आत्ता माहीत असलेला बरा. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे मेडिकल बोर्ड लागतं. बोर्डाने अर्ज आल्यापासून ३ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, पण अर्जाला जोडायचे रिपोर्ट, दुसरं मत, धावपळ यात आठवडा सहज जातो.

तुमचा आज २० आठवडे ५ दिवस. २४ पूर्ण व्हायला २३ दिवस. इकोमध्ये काही निघालं आणि गर्भजल तपासणी (सुईने पोटातलं पाणी काढून) करायची ठरली तर मायक्रोअॅरेचा (गुणसूत्रांच्या बारीक तपासणीचा) रिपोर्ट यायला साधारण दोन आठवडे धरा. उरले नऊ दिवस. इको आज-उद्या का, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. काय ठरवायचं ते कुटुंबाने ठरवावं, पण ठरवायला दिवस हातात हवेत. टीजीए पक्कं झालं तरी तो दुरुस्त होणाऱ्यातला दोष आहे, हेही बाळाच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून ऐकून घेतल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका.

आठवडे मोजताना पाळीची तारीख आणि पहिल्या तिमाहीच्या स्कॅनची तारीख यात फरक असेल तर कुठली धरली आहे ते फाईलवर लिहून घ्या. प्रत्येक सेंटर वेगळी धरतं आणि मग पाच-सहा दिवसांचा घोळ होतो.

स्कॅनरूम

इकोला जाताना काय न्यायचं ते राहिलं. आईचं ओळखपत्र, एनटी स्कॅन (तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी), डबल मार्कर, टिफा. पीसीपीएनडीटीचा (लिंगनिदानबंदी कायद्याचा) एफ फॉर्म तिथेही भरावाच लागतो, लिंग विचारू नये, सांगितलं जात नाही. उपाशी जायची गरज नाही, लघवी रोखायचीही नाही. अर्धा ते एक तास धरा. बाळाची पाठ वर असेल तर चालून या म्हणतात, परत टेबलावर घेतात, त्याला कंटाळू नका.

सोलापुरात करायचा की पुण्याला, हा प्रश्न शहराचा नाही, करणाऱ्याचा आहे. फोनवर तीन गोष्टी विचारा: करणारे बालहृदयरोगतज्ज्ञ किंवा फीटल मेडिसिनवाले आहेत का, फीटल इको नेहमी करतात का, आणि रेकॉर्डिंग देतात का. मोठ्या माणसांचा इको करणारे उत्तम कार्डिओलॉजिस्टही यात सरावलेले असतातच असं नाही. रिपोर्टमध्ये हृदयाची बाजू आणि कल, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा, दोन्ही आउटफ्लो, व्हॉल्व्हची मापं, डक्ट (पोटातल्या बाळात पल्मनरी आणि महाधमनीला जोडणारी नळी) आणि कमानीतल्या प्रवाहाची दिशा, फोरामेन ओव्हाले (वरच्या दोन कप्प्यांमधली वाट), ठोक्यांचा दर आणि ताल हे सगळं हवं. "फीटल इको नॉर्मल" अशी एकच ओळ देणारा कागद मी तरी रिपोर्ट मानत नाही.

आणि फोटोच्या प्रिंटवर समाधान मानू नका. हृदय हलतं. क्लिप पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या गावच्या डॉक्टरला त्या दाखवता येतात.

जनुक_जोशी

नात्यातलं लग्न आहे तर गर्भजल तपासणी इकोची वाट न बघता लगेच करून घ्या. जवळच्या नात्यात हृदयदोषाचं प्रमाण वाढतं, आणि सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न हे काही नवं नाही. नुसत्या नात्यावरही बरेच जण फीटल इको सुचवतात.

छोटं_हृदय

इको सुचवतात हे बरोबर, सुई लगेच घाला हे नाही. आधी दोष कोणता ते कळू दे, कारण गुणसूत्रांची शक्यता दोषागणिक बदलते. एव्हीएसडी (हृदयाच्या मधोमध मोठं भोक) निघालं तर डाउनची शक्यता फार मोठी. फॅलो, ट्रंकस, तुटलेली कमान यांत २२व्या गुणसूत्रावरचा २२क्यू११ हा तुकडा गळालेला असू शकतो आणि तपासणी करायलाच हवी. साधा टीजीए, बाकी बाळ ठीक, तर गुणसूत्रांचा दोष क्वचित सापडतो. तिथे तपासणी सुचवली तरी ती कुटुंबाच्या मर्जीने, घाईने नव्हे. सुईमुळे गर्भ जाण्याचा धोका छोटा आहे, पण शून्य नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल आणखी एक. तिथे भीती असते ती दोन्हीकडून आलेल्या एकेका सदोष जनुकाची, आणि मायक्रोअॅरे ती पकडत नाही. तो गुणसूत्राचे गळालेले किंवा जास्तीचे तुकडे दाखवतो. अॅरे नॉर्मल आला म्हणजे "नात्याचा प्रश्न मिटला" असं समजू नये. एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी तर गर्भजलाला पर्यायच नाही, ती चाळणी आहे.

आता पोटातल्या उपचाराचं. टीजीए असेल तर पोटात काहीच करायचं नसतं, आणि लागतही नाही. ऑक्सिजन वारेतून येतो, फुप्फुसं काम करत नाहीत, दोन बाजूंचं रक्त फोरामेन ओव्हाले आणि डक्ट या दोन वाटांनी मिसळतं. बाळ वजन धरतं, हालचाल करतं, सगळं नॉर्मल. अडचण नाळ कापल्यावर सुरू होते.

पोटातला खरा उपचार मुख्यतः दोनच प्रकारांत होतो. एक, तालाचे बिघाड, त्यांना आईमार्फत औषध. दोन, मोजक्या व्हॉल्व्हच्या अडथळ्यांत सुईने बलून. महाधमनीचा व्हॉल्व्ह इतका अरुंद की डावा कप्पा वाढणं थांबणार असं दिसलं तर आईच्या पोटातून, गर्भाशयातून, बाळाच्या छातीतून थेट डाव्या कप्प्यात सुई नेतात आणि तिच्यातून मोठ्यांच्या हृदयाच्या धमन्यांना वापरतात तसला बारीक बलून व्हॉल्व्हमध्ये फुगवतात. बाळाला भूल आणि हालचाल थांबवणारं इंजेक्शन आधी देतात. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये द्राक्षाएवढ्या हृदयावर हे ९० सेकंदांत केल्याची बातमी आली होती, तिच्यामुळे हल्ली प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. तंत्र जुनंच आहे, पण बाळ निवडणं अवघड. दहात एखादं बाळ त्या प्रक्रियेतच जाऊ शकतं, आणि व्हॉल्व्ह उघडला तरी डावा कप्पा पुढे पुरेसा वाढेलच याची खात्री नसते. अदलाबदल झालेल्या नळ्यांवर बलूनचा उपयोग नाही.

बार्शी_नाका

मध्येच विचारतो, माफ करा. २९ आठवडे, तपासणीत बाळाचे ठोके २३५, बाळाच्या अंगात पाणी साठलेलं नाही. लगेच सिझर करून बाळ बाहेर काढा असं एकाने सुचवलं. बरोबर आहे का?

छोटं_हृदय

२९ आठवड्यांवर, पाणी नसताना, सहसा नाही. बाहेर काढलं तर बिघडलेला ताल आणि कच्ची फुप्फुसं ही दोन दुखणी एकदम अंगावर घ्याल. पोटात औषध पोचवणं सोपं आहे.

आधी इकोमध्ये एम-मोडची (हालचालीचा आलेख काढणारी) रेषा एकाच वेळी वरच्या आणि खालच्या कप्प्यातून न्यायची आणि दोन्हींचे ठोके मोजायचे. दोन्ही २३५ तर एसव्हीटी (वरच्या कप्प्यांतून सुरू होणारा वेगवान ताल). वरचा ४०० च्या पुढे आणि खालचा त्याच्या निम्मा तर अॅट्रियल फ्लटर. अर्धा तास बघायचं. निम्म्याहून जास्त वेळ ताल बिघडलेला असेल तर औषध, मध्येच येऊन जात असेल आणि बाळ ठीक असेल तर नुसती नजर.

औषध आईला, आणि आईला दाखल करूनच. आधी आईचा ईसीजी, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन. डिगॉक्सिन सुरू केलं तर पहिल्या २४ तासांत १.२ ते १.५ मिलिग्रॅम, तीन भागांत, शिरेतून. मग गोळीने रोज ०.३७५ ते ०.७५ मिलिग्रॅम, विभागून. रक्तातली पातळी मिलीमागे ०.७ ते २ नॅनोग्रॅम. गरोदरपणात औषध भराभर बाहेर पडतं म्हणून डोस नेहमीपेक्षा मोठा लागतो, आणि नेमकी इथेच मेडिकलवाल्याला शंका येऊन तो कमी गोळ्या देतो. फ्लेकेनाइड रोज १०० ते ३०० मिलिग्रॅम, सोटॅलॉल १६० ते ४८०, हीदेखील विभागून. यांच्याबरोबर आईचा ईसीजी परत-परत: फ्लेकेनाइडने क्यूआरएस रुंदावतो, सोटॅलॉलने क्यूटी लांबतो.

बाळाच्या अंगात पाणी साठलं असेल तर सुजलेल्या वारेतून डिगॉक्सिन नीट जात नाही, तिथे फ्लेकेनाइड जास्त भरवशाचं. ताल दुसऱ्या दिवशी सुधारेल अशी अपेक्षा नको, काही दिवस ते आठवडा लागतो. आणि या काळात आईला मळमळ-उलटी सुरू झाली तर "दिवस गेलेत, होणारच" म्हणून सोडू नका. डिगॉक्सिन जास्त झाल्याचं पहिलं लक्षण तेच असतं.

मंद ठोक्यांचं एका वाक्यात: १०० च्या खाली टिकून असतील तर आईला कुठलाही त्रास नसला तरी तिच्या रक्तातल्या अँटी-रो प्रतिद्रव्यांची तपासणी करा. ती प्रतिद्रव्यं १६ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची वायरिंग जाळतात आणि पूर्ण ब्लॉक झाला की तो परत फिरत नाही. मागच्या बाळाला झालेला असेल तर पुढच्या खेपेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ४०० मिलिग्रॅम दहाव्या आठवड्याच्या आतच सुरू करतात. मात्र ७०-८० ठोके हे वरच्या कप्प्यातले जास्तीचे ठोके अडून पडल्यामुळेही दिसतात. ते निरुपद्रवी असतं आणि त्याला ब्लॉक समजून स्टिरॉइड दिलेली उदाहरणं आहेत. एम-मोड नीट काढा.

तुमचा स्वतंत्र धागा काढा, इथे मूळ प्रश्न हरवेल.

अक्कलकोट_रोड

इको झाला, २१ आठवडे १ दिवस. रिपोर्ट: डी-टीजीए, व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक) नाही, फोरामेन ओव्हाले मोकळं, कमान नॉर्मल, दोन्ही व्हॉल्व्हची मापं नॉर्मल, ठोके १४४ नियमित. बाकी बाळ ठीक. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनने बरं होतं. घरच्यांचं ठरलंय, बाळ ठेवायचं. वहिनींचं माहेर-सासर दोन्ही इथेच, म्हणून विचार असा चाललाय की डिलिव्हरी सोलापुरात करू, सिझरच करू म्हणजे बाळाला ताण नको, आणि लगेच अँब्युलन्सने पुण्याला नेऊ. हे बरोबर आहे का?

एनआयसीयू_ताई

तिन्ही गोष्टी उलट्या करा.

सिझर नको, म्हणजे हृदयासाठी नको. कळांचा ताण या बाळाला वेगळा होत नाही, कारण पोटात ते फुप्फुसांवर जगतच नाही. प्रसूतीच्या कारणासाठी लागलं तर वेगळी गोष्ट. ३९ आठवडे पूर्ण होऊ द्या. "लवकर काढू, लवकर ऑपरेशन करू" या घाईत ३६-३७ ला काढलेल्या बाळाचं वजन कमी, फुप्फुस कच्चं आणि सर्जनला टाके घालायला जागा आणखी लहान.

आणि बाळ सोलापुरात जन्माला घालून नेऊ नका, पोटात घालून न्या. आईच्या पोटाइतकी चांगली अँब्युलन्स नाही. टीजीएमध्ये व्हीएसडी नसेल तर रक्त मिसळायला जन्मानंतर दोनच वाटा उरतात, डक्ट आणि फोरामेन. डक्ट औषधाने उघडी ठेवता येते. फोरामेन आवळलं तर औषधाने उघडत नाही. तिथे नाळेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बलून नेऊन, पडद्यातून ओढून भोक मोठं करावं लागतं, तेही पहिल्या काही तासांत. पुणे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या वर. टेंभुर्णी-इंदापूरच्या मधे सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ४० टक्क्यांवर आलं तर अँब्युलन्समध्ये कुणाच्याही हातात करण्यासारखं फारसं काही नसतं. आज फोरामेन मोकळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, शेवटच्या तिमाहीत ते आवळू शकतं. म्हणून २८, ३२ आणि ३६ च्या सुमारास परत इको. पडदा फडफडत एका बाजूला फुगतोय का, डक्टमधला प्रवाह उलटतोय का, हे तेव्हा बघतात. आणि शेवटच्या इकोत सगळं चांगलं दिसलं तरी जन्मल्यावर आवळलेलं निघू शकतं, एवढी ती तपासणी अचूक नाही.

ज्या हॉस्पिटलात नाव घालाल तिथे विचारा: अल्प्रोस्टॅडिल (डक्ट उघडी ठेवणारं औषध) फ्रिजमध्ये आहे का, की मागवावं लागतं? रात्री दोन वाजता बलून करणारा आहे का? नवजात बाळाचं स्विच ऑपरेशन (दोन्ही नळ्या जागेवर बसवण्याचं) त्याच इमारतीत होतं का, आणि वर्षाला किती? "आमच्याकडे एनआयसीयू आहे" हे या तिन्हीचं उत्तर नव्हे.

कळा अचानक आल्या आणि सोलापुरातच बाळ झालं, तर काय लागेल तेही लिहिते. हे घरच्यांनी करायचं नाही, पण इथल्या बालरोगतज्ज्ञांना आधी भेटून फाईलची एक प्रत देऊन ठेवा आणि औषध कुठे मिळेल ते ठरवून ठेवा. अल्प्रोस्टॅडिलच्या एका अँप्यूलमध्ये ५०० मायक्रोग्रॅम असतं, २ ते ८ अंशांत ठेवायचं. ५० मिलीत पातळ केलं की १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. ३ किलोच्या बाळाला किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे सिरिंज पंपावर ०.९ मिली. चूक दशांश चिन्हात होते, म्हणून दोन नर्सनी वेगवेगळं गणित करून पडताळायचं. औषधाचा असर मिनिटांत ओसरतो, एकच लाइन (शिरेतली सुई) असेल आणि ती निघाली तर डक्ट बंद व्हायला लागते. म्हणून लाइन नेहमी दोन. साधारण दहात एका बाळाचा श्वास या औषधाने थांबतो, बहुतेकदा पहिल्या तासाभरात, तेव्हा निघण्याआधी तासभर थांबून बघायचं किंवा श्वासनळीत नळी घालूनच निघायचं. ताप येतो, त्वचा लाल होते, बीपी उतरतं. ते औषधामुळे, जंतुसंसर्ग समजून गोंधळू नये, पण जंतुसंसर्ग नाही हेही गृहीत धरू नये.

ऑक्सिजन वाढवत नेला तरी या बाळाचं सॅच्युरेशन फारसं हलत नाही. ७५ ते ८५ असेल, बाळ उबदार असेल, लघवी करत असेल तर तेवढं पुरतं. ९५ च्या मागे धावू नका.

ऑपरेशन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. कारण जन्मल्यावर फुप्फुसाचा दाब उतरतो, आणि फुप्फुसाला जोडला गेलेला डावा कप्पा कमी दाबावर काम करत-करत आठवड्यांत ढिला पडतो. उशिरा अदलाबदल केली की त्याला अंगभर रक्त ढकलायचं बळ राहत नाही. ऑपरेशनमध्ये दोन्ही नळ्या कापून जागेवर बसवतात, आणि हृदयाला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या, एक-दोन मिलिमीटरच्या, उचलून नव्या महाधमनीत शिवतात. सगळा जीव त्या धमन्यांच्या शिवणीत. चांगल्या केंद्रांत शंभरातली ९५ च्या आसपास बाळं यातून घरी जातात.

आणखी एक बारकं. वहिनींना कंबर दुखली म्हणून कुणी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नये, २८ आठवड्यांनंतर तर नाहीच. त्या गोळ्यांनी पोटातच डक्ट आवळते. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

फाईलवाला

पैशाचं. फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, पण प्रत्येक शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं, ५ लाख हातात येत नाहीत. ज्या हॉस्पिटलात नाव घालणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) सातव्या महिन्यातच भेटा. नवजात बाळाची हृदय शस्त्रक्रिया तिथे योजनेत होते का, आणि बलून, अल्प्रोस्टॅडिल, जास्तीचे आयसीयू दिवस त्यात धरलेत का, हे विचारा. खर्च फुटतो तो या तीन ठिकाणी. बाळाचं नाव रेशन कार्डावर नसणारच, म्हणून आई-वडिलांचं कार्ड, दोघांचं आधार आणि जन्माचा दाखला लगेच काढायची तयारी ठेवा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मजात हृदयदोष त्यात बसतो, सिव्हिलमध्ये चौकशी करा.

हैदराबादला नातेवाईक आहेत म्हणून तिकडे जाणारी बरीच घरं इथे आहेत. जा, पण फुले योजना तिकडे चालेल असं गृहीत धरू नका. आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, फक्त ते हॉस्पिटल त्या यादीत हवं.

एनआयसीयू_ताई

आणि ३७ आठवडे पूर्ण झाले की सोलापुरात थांबू नका. हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत खोली घ्या. चोळी-ओटीचा कार्यक्रम आधी उरका.

अक्कलकोट_रोड

समजलं. डोहाळजेवण आठव्यातच उरकू आणि ३६ च्या इकोला जातानाच सामान घेऊन जाऊ. एकच राहिलं, क्लिप पेनड्राइव्हवर मागायला आम्ही विसरलो, फक्त प्रिंट आहेत.

स्कॅनरूम

मशीनमध्ये काही दिवस राहतात, मग जागा करायला पुसतात. उद्या सकाळी कोरा पेनड्राइव्ह घेऊन जा आणि डायकॉम (मशीनच्या मूळ स्वरूपातल्या) क्लिप मागा. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून देऊ म्हणाले तर नको म्हणा.